ओनोराच्या जागी

"तुला उभं राहता येतं का?"

शाळेच्या फाटकासमोर धुळीने माखलेली, मागून उघडी एक गाडी करकचून थांबली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून एका बाईने मला हे विचारलं. पांढऱ्या केसांचा बुचडा, त्यात खोचलेली पेन्सिल, कोपरापर्यंत वाळलेली माती. मला वाटलं, आपल्याच इंग्रजीची काहीतरी गडबड होतेय. कारण मी उभीच होते.

"यस," मी म्हटलं.

"ते दिसतंय गं. पण बराच वेळ? न हलता?"

"यस."

"अरे देवा! कधीपासून शोधतेय मी तुला!" असं म्हणून तिने गाडी तिथेच, शाळेच्या बसच्या जागेवर, लावली आणि उतरली. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. तिने त्याच्याकडे न बघता नुसता हात हलवला.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ऑस्ट्रेलियात येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. गावाचं नाव वॅरामूर. एक चर्च, एक बँक, दोन दारूचे गुत्ते आणि पुढे नजर पोचेल तिथवर मेंढ्या. मी राहायची डॉक्टर देवस्थळींच्या घरी. ते गावातले एकुलते एक दातांचे डॉक्टर. बार्शीला आप्पा, म्हणजे माझे काका, ज्या साहेबांच्या हाताखाली कामाला होते त्यांचे हे धाकटे भाऊ. माझे आईवडील मी लहान असतानाच टेंपोच्या अपघातात गेले आणि मला आप्पांनी वाढवलं. मग एके दिवशी आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "कालिंदे, तू परदेशात शिकायला चाललीस!" गल्लीत सगळ्यांना पेढे वाटले. मीच वाटले.

तर आता मी फाटकाशी उभी होते ती देवस्थळींच्या जुळ्यांची, शार्दूल आणि शर्वरीची, वाट बघत. एका हातात दोघांच्या पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्या हातात खाऊचा डबा.

त्या बाईचं नाव मॉइरा. मूर्तिकार. गावात एक स्मारक व्हायचं होतं, त्यासाठी समितीही नेमली होती. दीडशे वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, मोठा दुष्काळ पडला, माणसं पटापट मेली. मागे राहिलेल्या अनाथ पोरी तिथल्या अनाथालयांतून बोटीत बसवून ऑस्ट्रेलियात पाठवल्या. चारेक हजार पोरी. इथे त्यांना घराघरांत कामाला ठेवलं. काही या वॅरामूरच्या बाजूलाही आल्या होत्या. त्यांच्यातली एक, नुकतीच येऊन पोचलेली, पायाशी तिची लाकडी पेटी, असा पुतळा मॉइराला करायचा होता.

"मग गावातल्या मुली?" मी विचारलं.

"सगळ्या बघितल्या. गोड पोरी आहेत. पण उभ्या राहतात त्या जमीन आपल्या बापाची असल्यासारख्या. मला कोणीतरी बोलवायची वाट बघणारी हवीय." ती माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. "तुझ्यासारखी."

मला ते कौतुकच वाटलं. माझ्या उभं राहण्याला तोवर कुणी नावाजलं नव्हतं.

घरी गेल्यावर निलाकाकूंना सांगितलं. निलाकाकू म्हणजे डॉक्टरांच्या बायको. गोऱ्यापान, हौशी, सतत कुणाला तरी जेवायला बोलावलेलं. त्या आधी म्हणाल्या, "पुतळा? कपडे घालून ना?"

"घालूनच. दोन परकर आणि वर लोकरीची शाल. दर शुक्रवारी यायला सांगितलंय."

"आणि समितीत कोण कोण आहे?"

मी सांगितलं की महापौरांच्या पत्नी आहेत. काकूंचा चेहरा एकदम उजळला. "मग जा की! आपल्या घरातली मुलगी पुतळ्यात म्हणजे काय लहान गोष्ट आहे? फक्त शुक्रवारी सकाळचा स्वयंपाक आटपून जा. आणि जुळ्यांना आणायच्या आत ये."

आपल्या घरातली मुलगी. काकू हे सगळ्यांना सांगायच्या. पाहुणे आले की मला हात धरून बाहेर आणायच्या, "ही आमची कालिंदी, अगदी घरातलीच," आणि पाहुणे म्हणायचे, "किती छान!" मग मी पुऱ्या तळायला आत जायची.

मॉइराची शेड म्हणजे पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायची जागा. वर पत्रे. फेब्रुवारी महिना म्हणजे तिथला ऐन उन्हाळा, आणि मी दोन परकर, शाल आणि कानटोपीसारखं एक बॉनेट घालून उभी. घामाची धार पाठीतून पायापर्यंत जायची. मॉइरा समोर मातीचे गोळे थापत गात असायची आणि गाणं भसाडं.

"हनुवटी खाली. अजून थोडी. हां! काय सुंदर दुःखी दिसतेस तू!"

"मला दुःख नाहीये. गरम होतंय."

"तेच राहू दे."

दुसऱ्याच शुक्रवारी तिथे मिसेस ड्वायर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, काठीच्या मुठीला प्लास्टिकची पिशवी लटकवलेली आणि पिशवीत गरम स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव. त्यांची पणजी ओनोरा ही त्या बोटीतल्या पोरींपैकी एक. त्यामुळे पुतळ्यावर आपला पहिला हक्क, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू कुठली?"

"बार्शीची."

"ते आयर्लंडात कॉर्कच्या जवळ आलं का?"

"सोलापूरच्या जवळ."

"म्हणजे लांब," असं म्हणून त्यांनी मला एक स्कोन दिला. मॉइरा ओरडली, "हलवू नका तिला!" म्हातारीने मग तो माझ्या तोंडातच कोंबला.

खरी गंमत झाली ती समितीचे अध्यक्ष प्लंकेट आले तेव्हा. निवृत्त पोस्टमास्तर. मिशा अशा की दोन्ही बाजूंनी कुणीतरी ओढून धरल्यासारख्या. त्यांनी आधी मातीचा पुतळा बघितला, खूश झाले. मग मागे वळून मला बघितलं.

"ही कोण?"

"ही ओनोरा," मॉइरा म्हणाली.

"मॉइरा, ही मुलगी इंडियन आहे."

"हो का? बघ, माझ्या लक्षातच आलं नाही."

"हे आयरिश स्मारक आहे! लोक काय म्हणतील? तिचं नाक बघ. आयरिश नाक असं असतं का?"

मी हलायचं नाही म्हणून नाक तसंच ठेवलं. मिसेस ड्वायर कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठल्या. "आर्थर प्लंकेट, माझ्या पणजीचं नाक तू बघितलंयस का?"

"मी कसं बघणार?"

"मी बघितलंय. फोटोत. पन्नाशीतला फोटो आहे, त्यात ती रागावलेल्या भोपळ्यासारखी दिसते. तेव्हा तिचं लग्न झालं होतं, नऊ पोरं झाली होती आणि चार मेली होती. बोटीतून उतरली तेव्हा ती कशी दिसत होती हे कुणालाच माहीत नाही. तिचं तिलाही नसेल. आरसा कुठे होता? तेव्हा नाक हेच राहील."

प्लंकेट मिशा चावत निघून गेले. आम्ही तिघी इतक्या हसलो की मॉइराचा मातीचा एक हात कोपरापासून खाली पडला.

असे शुक्रवार मागून शुक्रवार गेले. मला त्या दिवसाची वाट बघायची सवयच लागली. सकाळी पोळ्या लाटताना मी गुणगुणायची. शर्वरीने काकूंना विचारलंदेखील, "आई, कालिंदीताईचा बर्थडे आहे का?"

शेडमध्ये मिसेस ड्वायर ओनोराच्या गोष्टी सांगायच्या. एका शुक्रवारी त्यांनी सांगितलं की ओनोरा आधी एका मोठ्या घरात कामाला होती. मालक सज्जन, मालकीणबाई देवभोळ्या. रोज रात्री तिलाही प्रार्थनेला बसवायच्या. पहाटेपासून ती चुली पेटवायची, धुणं धुवायची, तीन पोरं सांभाळायची. एकदा ती काम सोडते म्हणाली, तर मालकाने तिला न्यायाधीशापुढे उभं केलं. करार होता ना. मालक म्हणाला, 'साहेब, आम्ही हिला घरातल्यासारखं वागवलं. अगदी स्वतःच्या लेकीसारखं.'

"मग?" मॉइराने विचारलं.

"मग न्यायाधीशाने ओनोराला विचारलं, तुला काही म्हणायचंय का. ती म्हणाली, 'यांना एकच विचारा. यांची कुठली लेक धुण्याच्या खोलीत झोपते?'"

मॉइरा टाळ्या पिटत हसली. म्हातारी हसली. मीही हसले.

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"करार रद्द झाला. ती दुसरीकडे गेली, तिथे माझा पणजोबा भेटला. तो काही फार भारी नव्हता. पण त्याने तिला लग्नाचं विचारलं तरी."

"तू हललीस," मॉइरा एकदम म्हणाली.

"नाही."

"हललीस. हात बघ."

मी खाली बघितलं. पोटाशी एकमेकांत गुंतवून ठेवलेले माझे हात सुटले होते आणि दोन्हींच्या मुठी झाल्या होत्या. मी ते पुन्हा जसे होते तसे गुंतवले.

मी घरी धुण्याच्या यंत्राशेजारी झोपायची. काकूंनी तिथे छान पडदा लावून दिला होता, फुलाफुलांचा.

पुतळ्याची माती पुरी झाली, साचा घेऊन तो ब्राँझमध्ये ओतायला शहरात गेला. उद्घाटनाचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात मी दुपारी भेंडी चिरत होते, तर काकू आल्या आणि स्टुलावर बसल्या. चेहरा आनंदी.

"कालिंदी, एक गोड बातमी आहे. मेलबर्नला माझी धाकटी बहीण आहे ना, सुनेत्रा, तिला दिवस गेलेत. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. मी म्हटलं, कशाला काळजी करतेस? आमची कालिंदी आहे. येत्या शनिवारी जायचंय तुला. वर्षदोन वर्षं राहशील तिच्याकडे. जुळी आता मोठी झालीच आहेत."

"शनिवारी? रविवारी पुतळ्याचं उद्घाटन आहे, काकू."

"पुतळा काय, पुतळा कुठे जातोय? फोटो पाठवीन मी."

मी भेंडी चिरत राहिले. मग सुरी खाली ठेवली. "आणि माझं कॉलेज?"

"कॉलेज?"

"आप्पा म्हणाले होते, इथे शिकायचं. तुम्ही म्हणाला होतात, जुळी जरा रुळली की बघू."

"अगं बघू ना! मेलबर्नमध्ये तर काय, कॉलेजंच कॉलेजं. सुनेत्राचं बाळ जरा मोठं झालं की."

"काकू, मी मेलबर्नला जाणार नाही."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, आजही मला सांगता येत नाही. काकूंनाही ते ऐकू आल्यासारखं दिसलं नाही. मग त्यांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते. "आम्ही तुला काय कमी केलं गं? कधी उणा शब्द बोलले? माझ्या साड्या दिल्या तुला. घरातली समजले. थांब, आप्पांनाच फोन लावते. त्यांनाच विचार तू."

त्यांनी स्वतः नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बार्शीत तेव्हा सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आप्पा, मी कालिंदी."

"अगं बोल, बोल! बरी आहेस ना? काय म्हणतंय ऑस्ट्रेलिया?"

"आप्पा, माझ्या कॉलेजचं काय ठरलं होतं?"

"कसलं कॉलेज?"

"तुम्ही म्हणालात ना, शिकायला चाललीस म्हणून. पेढे वाटले."

"अगं, ते तुला जाताना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं. साहेबांनी मुलगी मागितली. म्हणाले, भावाकडे घरात एक माणूस हवंय, विश्वासाचं. साहेबांना नाही कसं म्हणायचं? ही पण म्हणाली, पोरीचं भलंच होईल. झालंच ना भलं?"

"आता मेलबर्नला पाठवतायत."

"मग जा की. तीही चांगलीच माणसं असतील."

मी हळूच रिसीव्हर ठेवला. काकू माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणाले?"

"म्हणाले, साहेबांनी मुलगी मागितली."

काकूंनी भेंडीची थाळी उचलली, ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली. मी माझ्या खोलीत गेले, पडदा सारला आणि पलंगाखालून बॅग काढली. बॅग भरायला वेळ लागला नाही. साड्या तिथेच घडी घालून ठेवल्या.

मी बाहेर आले तर दारात डॉक्टरकाका उभे. दवाखान्यातून चहाला आले होते, अंगात तो पांढरा कोट. जवळजवळ दोन वर्षांत ते माझ्याशी 'मीठ दे' आणि 'थँक्यू' यापलीकडे फारसं बोलले नव्हते. आता ते आधी बॅगेकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी काकूंकडे बघत राहिले.

"अहो, समजवा तिला," काकू म्हणाल्या. "कुठे जाणार ती?"

"कुठे जायचंय तुला?" काकांनी विचारलं.

"मॉइराच्या शेडवर."

त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली.

शेडच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "मला वाटायचं, तुला इथे आवडतंय. तू कायम गाणं म्हणत असायचीस."

"शुक्रवारी," मी म्हटलं.

"हं." त्यांनी गाडीची किल्ली चाळवली. "मी कधी विचारलं नाही गं. व्हिसाचं मी बघतो. जिथे सही लागेल तिथे करीन. तेवढं तरी करू दे."

आणि ते त्यांनी केलं. बरेच कागद, बऱ्याच खेपा, पण केलं.

मॉइराने मला बॅगेसकट बघितलं आणि काही न विचारता किटली गॅसवर ठेवली. मिसेस ड्वायरना कळायला तासही लागला नाही. त्या काठी आपटत आल्या आणि मला आपल्या घरी घेऊन गेल्या. तिथे मी नर्सिंगचं शिक्षण संपेपर्यंत राहिले. त्या घरात मी पहिले काही महिने सारखी भांडी घासायला उठायची आणि म्हातारी काठी आडवी घालायची. "बस खाली! पुस्तक उघड! नाहीतर आर्थर प्लंकेटला बोलावीन तुला शिकवायला!" ही धमकी मला नेहमीच लागू पडायची.

त्या रविवारी उद्घाटन झालं. प्लंकेटांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी डोळे पुसले. निलाकाकूही आल्या होत्या, पैठणी नेसून. जुळी धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. काकू माझ्याजवळ आल्या, माझ्या शालीचं टोक सारखं केलं, म्हणाल्या, "थंडी आहे. घाल नीट." मग जुळ्यांना घेऊन गेल्या. सुनेत्राकडे त्यांनी दुसरं कुणीतरी पाठवलं, असं मागाहून कळलं. कोण, ते मला कधी कळलं नाही, आणि तिचा विचार माझ्या मनात अजून येतो.

या गोष्टीला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. मिसेस ड्वायर गेल्या, मॉइरा थकली आणि मी केव्हाची इथलीच झाले. पण हे सगळं सांगावंसं वाटलं ते आप्पांमुळे.

मागच्या वर्षी मी आप्पांना इकडे बोलावलं. काकी गेल्यानंतर ते फार एकटे पडले होते. वय झालंय, ऐकायला कमी येतं, पण टोपी अजून कडक इस्त्रीची. त्यांना मी सगळं दाखवलं, कांगारू दाखवला, समुद्र दाखवला. मग एका दुपारी वॅरामूरच्या चौकात घेऊन गेले आणि स्मारकासमोर उभं केलं. बाकी काही सांगितलं नाही.

आप्पांनी चष्मा पुसला. खालची पाटी वाचायचा प्रयत्न केला. "या कोण गं मुली?"

"अनाथ होत्या. दुष्काळात आईबाप गेले. त्यांना बोटीने इकडे कामाला पाठवलं."

"कुणी?"

"जे सांभाळत होते त्यांनी."

आप्पा पुतळ्याच्या जवळ गेले. एवढे जवळ की टोपी ब्राँझला लागली. त्यांनी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात लांब करून तिच्या गालाला लावला.

"ही तर वहिनी आहे," ते म्हणाले.

आईचा चेहरा मला नीट आठवत नाही. घरात तिचा एकच फोटो होता आणि तोही लग्नाच्या गर्दीतला. इतकी वर्षं मी त्या पुतळ्यासमोरून गेले होते, कधी भाजी घेऊन, कधी पोराला घेऊन, आणि मला त्यात फक्त मीच दिसत होते.

"अशीच उभी राहायची," आप्पा म्हणाले. "नवीन नवीन घरात आली होती तेव्हा. स्वयंपाकघराच्या दाराशी. मी शाळेतून यायचो आणि तिला म्हणायचो, वहिनी, आत या ना."

वाऱ्याने त्यांची टोपी तिरकी झाली. ती सारखी करायचं भान त्यांना नव्हतं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, ते म्हणाले, "तिच्या पोरीला मी विचारलंसुद्धा नाही."

"नाही, आप्पा."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मी विचार केला. खरंच केला. "बहुतेक हो म्हटलं असतं," मी म्हणाले.

आप्पा तिथेच, त्या लाकडी पेटीवर, म्हणजे पेटीच्या ब्राँझवर, खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही त्यांच्या शेजारी बसले. पेटी उन्हाने चांगली तापली होती. आम्ही दोघे त्या मुलीच्या पायाशी ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो आणि आप्पा मला माझ्या आईबद्दल सांगत राहिले.